भुलाबाईचा डावा हात

वाशीम,
भाद्रपद वद्य नवमी,
ता. १४ सप्टेंबर १९४१

चि. इंद्रभान यास सोजरअक्काचे अनेक आशीर्वाद.

मानोऱ्याच्या घरामागच्या गोठ्यातली एक दुपार तुला आठवणार नाही, कारण तू तीन वर्षांचा होतास. मला आठवते. तू गव्हाणीत बसला होतास, अंगावर करगोट्याशिवाय काही नव्हतं आणि तोंडातून काळी लाळ गळत होती. हिरीने तुझा जबडा धरून आत बोट घातलं, पण उशीर झाला होता. आमच्या मातीच्या भुलाबाईचा डावा हात तू कोपरापासून खाल्ला होतास. हिरी म्हणाली, "राहू दे, सकायी निघंल." आम्ही दोघी इतक्या हसलो की म्हैस दचकून उभी राहिली. आईला जाऊन चाळीस दिवस झाले होते. त्यानंतरचं माझं ते पहिलं हसणं.

इकडे सर्व ठीक. ज्वारी पोटरीत आली आहे. माझा गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो तसा कुरकुरतो आहे. सौ. कमळचा खोकला थांबला असेल अशी आशा करते.

तुझं पाकीट बुधवारी मिळालं. पुतळ्याचा फोटो पाहिला, प्रदर्शनाच्या पुस्तिकेचे कच्चे छापील कागद वाचले, तुझं पत्रही वाचलं. तू लिहितोस की पुस्तिका महिनाअखेर पक्की छापायला जाईल, काही चूक दिसली तर कळव. शिवाय घरात तुझी लहानपणची आणखी मातीची खेळणी सापडली तर रेल्वे पार्सलाने पाठवायची, काचेच्या कपाटात मांडायला.

चूक दिसली. कळवते.

चार दिवस मी लिहायला बसते आहे आणि उठते आहे. पहिलं पत्र फाडलं, कारण त्यात जे शब्द होते ते मी शाळेत कुणाच्या तोंडी ऐकले असते तर तिला बाकावर उभी केली असती. दुसरं फाडलं, कारण ते फार गोड झालं होतं. हे तिसरं. हे कसंही झालं तरी टपालात पडणार.

पान तीनवर तू म्हणतोस, "वयाच्या तिसऱ्या वर्षी मी घडवलेली मातीची बाहुली जुन्या पेटीत सापडली, आणि तीस वर्षांच्या शिक्षणात जे हरवलं होतं ते एका क्षणात हाताशी आलं. हा पुतळा म्हणजे त्या अजाण मुलाने या शिल्पकाराला दिलेला धडा आहे." पान पाचवर कुणी विद्वान गृहस्थ लिहितात की डाव्या हाताचा अभाव हाच या रचनेचा प्राण आहे, बालमनाने जे अनावश्यक ते सहज गाळलं.

गाळलं नाही, इंद्रभान. गिळलं. तुझ्या त्या विद्वानांना माझ्याकडून सांग.

हसू नकोस. मी हसत नाही. तीन वर्षांच्या मुलाला मातीचा गोळा करता येतो, साप करता येतो, भाकर करता येते. डोळ्यांच्या खोबणीत कवड्या बसवता येत नाहीत. पदराची चुणी काडीने ओढता येत नाही. तुला स्वतःला दोन मुलं आहेत. ती तीन वर्षांची होती तेव्हा त्यांनी असं काही केलेलं पाहिलंस का? इतकी साधी गोष्ट तीस वर्षं शिकलेल्या माणसाच्या ध्यानात येऊ नये याचं मला नवल वाटलं, आणि मग नवल संपलं आणि संताप आला. तो अजून उतरलेला नाही.

शुक्रवारी हिरी आली. तिची लेक इथल्या तांड्यावर दिलेली आहे, लेकीकडे आली की दोन दिवस माझ्याकडे राहते. सोबत नात होती, जमना, नऊ वर्षांची. हिरीचे केस पांढरे झालेत, पण हातभर बांगड्या आणि आरशांची कांचळी तीच. मी तिला फोटो दाखवला. तिने माझा चष्मा लावला आणि फोटो लांब धरला.

"हे कोनं केलं?"

"इंद्रभाननं."

"मोठं हाये काय?"

"माणसाहून उंच. आपली लहानी पाहून ही मोठी केली. आणि लहानी म्हणे त्यानं तीन वर्षांचा असताना केली होती."

"तवा तं त्याले नाक पुसता येत नोतं," हिरी म्हणाली. "माह्याच घागऱ्याले पुसे."

मग फोटोतल्या गालावरून तिने बोट फिरवलं.

"सोजर, हे तं काकीचं तोंड हाये."

"हो."

"त्याले ठाव हाये?"

"नाही."

"काहून नाई सांगतलं?"

मी चहा टाकायला उठले.

तर पहिली चूक ही. पुस्तिकेत तू जिला "एक अनामिक ग्रामीण स्त्री" म्हणतोस तिला नाव आहे. तिचं नाव गोजराबाई दौलतराव देशमुख. ती तुझी आई. आज अविधवा नवमी, तिचं श्राद्ध. तू तिकडे करतोस की नाही मला माहीत नाही, मी विचारणारही नाही.

आईचा फोटो नव्हता. त्या काळी मानोऱ्यात कोणाचाच नव्हता. दुष्काळ सरत आला होता, पाऊस झाला, आणि पावसाबरोबर पटकी आली. श्रावणात आई गेली. वर्षभर घरात सण नाही असं रंगूआत्याने सांगितलं, म्हणजे भुलाबाई बसवायची नाही. गल्लीतल्या पोरी भादव्याच्या पौर्णिमेपासून रोज घरोघर गाणी म्हणत फिरायच्या, आणि मी दाराआड उभी राहून खिरापत ओळखायची, मनातल्या मनात. मला आईचा चेहरा जायला लागला होता. सकाळी उठून आठवला की नाक यायचं, डोळे यायचे नाहीत. नऊ वर्षांच्या पोरीला असं काही होतंय हे सांगायचं कोणाला? मी हिरीला सांगितलं. ती लाकडाची मोळी घेऊन यायची आपल्याकडे, माझ्याहून वर्षाने मोठी.

हिरी म्हणाली, करून ठेवू. आपली काळी माती वाळली की भेगाळते, हे तिला ठाऊक होतं. तिने मातीत कापूस पिंजून घातला, बाभळीचा डिंक भिजवून घातला आणि पाटावर पोळीच्या कणकेसारखी दोन दिवस कुटली. म्हणून ती मूर्ती न भाजताही चव्वेचाळीस वर्षं टिकली. तुझा तो हात खायचा मोहही डिंकामुळेच झाला असावा. डोळ्यांना कवड्या हिरीने तिच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, ओढणीच्या तोडून आणल्या आणि त्यापायी मार खाल्ला. चेहरा मी केला. हिरी समोर बसून सांगायची, "गाल वर घे, काकी हासे तवा गाल वर जाये." उजव्या कानाची पाळी फाटकी केली, कारण आईची तशीच होती. तू वर्षाचा असताना बाळी धरून ओढलीस तेव्हा फाटली ती. मोठ्या पुतळ्यात तू ती चीर जशीच्या तशी उतरवली आहेस. पान सहावर तिला तू "हाताच्या थरथरीची खूण" म्हटलं आहेस.

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे पहिलं पत्र फाडावं लागलं. शेवटी तू सहज लिहितोस की प्रदर्शनानंतर पुतळा एका शेटजींच्या बागेत जाणार, कारंज्याच्या मधोमध उभा राहणार आणि त्याच्या पायांवर सतत पाणी पडत राहील, "फार देखणं दिसेल".

आईला पटकी झाली तेव्हा वैद्याने पाणी द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. तेव्हा तसंच समजत. दीड दिवस ती पाणी मागत होती. आधी ओरडून, मग नुसते ओठ हलवून. मी तांब्या घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले आणि आत्याने तो हातातून काढून घेतला. मी परत गेले नाही. नऊ वर्षांची होते, पण जाता आलं असतं, आत्या काही सारा वेळ दारात नव्हती. त्या बाईला तू कारंज्यात उभी करणार. बघ आता देखणं दिसतं का.

तुला हे माहीत नव्हतं. तुझा दोष नाही असं सौ. कमळ म्हणेल, आणि तिचं बरोबर आहे. म्हणून आता ते लिहायला हवं जे मी हिरीलाही चहा उकळेपर्यंत सांगितलं नाही.

भुलाबाई ठेवायची नसते. कोजागिरी झाली की नदीत सोडायची, दरवर्षी नवी करायची. गल्लीतल्या पोरींनी आपापल्या सोडल्या. माझ्याने ते झालं नाही. मी तिला टोपलीत घालून कडब्याच्या गंजीमागे ठेवली. आठव्या दिवशी आत्याला सापडली.

"सुतकाच्या घरात भुलाबाई? अन् तेबी ठेवून घेतली? कोनं केलं हे?"

तिच्या आवाजाने आबा ओसरीवरून आले. हातात काठी होती. त्यांचा राग तू पाहिलेला नाहीस. तुझ्या वाट्याला म्हातारे आबा आले.

"कोनं केली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "भाऊनं."

एवढंच. एक शब्द. तू तिथेच होतास, कोंबडीच्या मागे धावत. आबा खाली उकिडवे बसले. मूर्ती उजेडाकडे फिरवली आणि पाहत राहिले. खूप वेळ पाहिलं त्यांनी. मग तुला जवळ ओढून म्हणाले, "तू केली काय रे इले?"

तू म्हणालास, "मी." त्या दिवसांत तू सगळ्यालाच "मी" म्हणायचास. दूध कोणी सांडलं, मी. दारात कोण आलं, मी. सरकार कोण, असं विचारलं असतं तरी मीच म्हणाला असतास.

"पाह्य व रंगू, पोट्ट्याचा हात पाह्य," आबा म्हणाले. "हे देवाची देन हाये. हात नोको लावू इले, देवळीत ठेव."

मी केली म्हटलं असतं तर ती शेणाबरोबर उकिरड्यावर गेली असती. पोराने केली म्हणून भिंतीतल्या देवळीत बसली. मी ते नऊ वर्षांच्या डोक्याने बरोबर ओळखलं होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटला. आबांनी ते तोंड ओळखलं का, मला कधी कळलं नाही. पण त्या दिवसापासून देवळीकडे पाठ करून ते कधी जेवले नाहीत.

मग जो तो पाहायला आला. पाहुणा आला की तुला पुढे करायचे आणि मूर्ती दाखवायचे. तुला पाटी आली, रंगाची पेटी आली, वाशीमहून चित्रकलेचे मास्तर आले. मला सिस्टरांच्या बोर्डिंगात पाठवलं, कारण घरात बाईमाणूस म्हणून एकटी आत्या, पोरगी गुराख्यात वाढेल. सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांनी मला वाचायला शिकवलं, सुई धरायला शिकवलं, आणि छापील कार्ड समोर ठेवून गुलाब काढायला शिकवलं. पहिल्या पावसाळ्यात मी अंगणातल्या मातीची चिमणी केली, तेव्हा एकीने माझे हात साबणाने धुतले आणि प्रेमाने सांगितलं की चांगल्या मुली हात घाण करत नाहीत. मी ऐकलं. पुढे लग्न, मग चार वर्षांत कपाळ पांढरं, मग इथल्या मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं चित्रकला आणि शिवण. त्या अठ्ठावीस वर्षांत किती पोरींना मी "जा, हात धुऊन ये" म्हटलं असेल त्याचा विचार कालपासून सुटत नाही.

तू विचारशील, अक्का, मग मोठेपणी का नाही सांगितलंस. तू तर विचारलंही होतंस. मूर्तिजापूरच्या स्टेशनावर, तू मुंबईच्या कलाशाळेला निघालास तेव्हा. गाडी यायची होती. तू माझा हात धरून म्हणालास, "अक्का, ती मी खरंच केली होती?" अठरा वर्षांचा होतास, भीतीने ओठ पांढरे पडले होते. माझ्याकडे तेव्हा खरं सांगायला सबंध दहा मिनिटं होती.

मी म्हटलं, "तूच केलीस. मी स्वतः पाहिलं आहे." आणि घरून बांधून आणलेली मूर्ती तुझ्या पेटीत तळाशी ठेवली.

इतके दिवस मला वाटत होतं की मी तुझ्यावर रागावले आहे. रागावले आहेच, त्यात काही कमी धरू नकोस. पण तुझं ते तिसरं पान मी पुनःपुन्हा वाचते आणि त्यातला शब्दन् शब्द माझाच निघतो. तू फक्त छापलास.

आता दुरुस्ती. पान तीन, पाच आणि सहा काढून टाक. त्या जागी लिही: ही मूर्ती सोजर, वय नऊ, आणि हिरी, वय दहा, राहणार मानोरा व तिथला तांडा, यांनी केली. चेहरा गोजराबाईंचा. हात शिल्पकाराने खाल्ला. माझं नाव घालू नकोस असं लिहिणार होते, चांगुलपणाची सवय आहे. पण नको. घाल. हिरीचंही घाल, माझ्या आधी घातलंस तरी चालेल. तुला लाज वाटेल, लोक हसतील, ते विद्वान चिडतील. हे सगळं होऊ दे. आणि कारंज्याला नाही म्हणून सांग.

हे तू केलं नाहीस तर मी काय करणार, असं मनात येईल तुझ्या. काहीही करणार नाही. मी बावन्न वर्षं ओलांडलेली, गुडघे दुखणारी बाई, मुंबईला येऊन कोणाशी भांडणार? पण तुझ्या पत्राला उत्तर येणार नाही, यापुढच्या कोणत्याच.

एक मात्र राहिलं. फोटो मी भिंगाखाली पाहिला. पुतळ्याची मान डावीकडे कलली आहे. आमच्या मूर्तीला मान नव्हतीच, डोकं खांद्यांवर थेट बसवलं होतं, आम्हाला जमलं नाही. ती मान तू कुठून आणलीस? तुझ्या पत्रात तिच्याविषयी एक ओळही नाही, म्हणजे तुलाही माहीत नसावं. आई तुला उजव्या कडेवर घ्यायची आणि तू तिच्या गळ्यात डोकं खुपसायचास, म्हणून तिची मान तशी कलायची. तू कडेवर नसतानाही कललेलीच राहायची. मी ते विसरले होते. चव्वेचाळीस वर्षं विसरले होते. हिरीने फोटोत तेच पाहिलं आणि म्हणून ओळखलं, असं ती नंतर म्हणाली.

तेवढं काम तू केलेलं आहेस. चांगलं केलं आहेस.

मी जमनाला घेऊन काल मातीत हात घातला. कापूस, डिंक, सगळं हिरीने सांगितलं तसं. माझी पहिली बाई पाहून जमना म्हणाली, "आजी, हा बेंडूक हाये काय?" हिरी हसून हसून खोकायला लागली. दुसरी बरी आहे. यंदा कोजागिरीपर्यंत तिसरी होईल.

आता कोणाला काय द्यायचं ते लिहिते, नीट वाच.

मातीची मूळ मूर्ती पार्सलाने पाठवू नकोस. जुन्या धोतरात गुंडाळून तू स्वतः घेऊन ये. कोजागिरीला मानोऱ्यात, अरुणावतीत तिला सोडायची आहे. चव्वेचाळीस कोजागिऱ्या मी तिला कोरडी ठेवली. डिंकाची आहे, विरघळायला वेळ लागेल, तोवर काठावर थांबायचं.

सोडण्याआधी डोळ्यांच्या दोन्ही कवड्या काढायच्या. त्या हिरीच्या.

माझी रंगपेटी आणि ब्रश जमनाला दिले, आजच. बैठकीतले चौकटीतले गुलाब, एकूण सात, मी बंबात घालणार आहे. काचा कमळला हव्या असतील तर कळवावं.

आबांची देवळी रिकामी आहे. तीत काही ठेवू नये.

मोठा पुतळा तुझा. त्याची मान तुझी आणि फाटका कानही तुझाच. मूर्तीचा डावा हात तुझ्याकडे आहेच, तो परत मागत नाही.

तुझी,
ज्या तोंडाने खोटं सांगितलं त्याच तोंडाने आता खरं सांगणारी,
सोजरअक्का